जर्मनच्या वर्गासाठी सोलापूर आणि दुधनी

पुण्याहून सोलापूरला माणसे लग्नकार्याला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, नाहीतर गाणगापूरला जाताना वाटेत एक दिवस उतरतात. जर्मन भाषेच्या कामासाठी सोलापूरला गेलेली मी बहुधा पहिलीच. गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी "तिकडे कोण आहे हो तुमचं?" असे विचारले. "एक विद्यार्थी आहे," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटेही नव्हते.

मी पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकवते. माझे यजमान डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत होते, तेव्हा तीन वर्षे मीही तिकडे होते. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मी ती भाषा बोलायला शिकले आणि नंतर तिथल्या विद्यापीठात रीतसर वाचायला शिकले. परत आल्यावर कॉलेजने मला वर्ग दिला, आणि गेली काही वर्षे तो बरा चालला. गेल्या उन्हाळ्यात मात्र कॉलेजच्या चालक मंडळाने ठराव केला, की ज्या वर्गात सहांपेक्षा कमी विद्यार्थी असतील तो जूनपासून बंद. माझ्याकडे पाच उरले होते. सहावा सिद्धराम. दुधनीच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा वर्गात सगळ्यांत तयार. परीक्षा देऊन घरी गेला आणि तिथून त्याचे एका ओळीचे पत्र आले, 'वडील पुढे शिकवणार नाहीत, क्षमा असावी.'

मी मंडळाच्या अध्यक्षांना जाऊन भेटले. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "बाई, ही भाषा आपल्या इलाख्यात लागते कोणाला? चार पुस्तकी लोकांना. पुण्याबाहेरच्या, कामधंद्यातल्या एका तरी माणसाला तिची गरज आहे असं दाखवून द्या, मी स्वतः ठराव मागे घेईन."

ते हसत हसत बोलले होते. मी मात्र त्यांचा शब्द धरून ठेवला. सिद्धराम सोलापुरात ज्या हायस्कुलात शिकला, तिथल्या हेडमास्तरांना पत्र लिहिले. उलट टपाली उत्तर आले, की अवश्य यावे, वाचनालयात व्याख्यान ठरवतो, सिद्धरामच्या वडिलांकडेही घेऊन जातो. मी ट्रंक भरली.

सोलापूर, पहिला दिवस

पत्राखाली मी नेहमीप्रमाणे 'एम. जी. लेले' अशी सही केली होती. त्याचा परिणाम सोलापूर स्टेशनवर दिसला. गाडीतून उतरून मी ट्रंकेवर बसून राहिले. काळी टोपी, उपरणे, हातात छत्री असे एक वयस्क गृहस्थ माझ्यापुढून एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी हॅट घातलेल्या एका बापड्या गृहस्थाला अडवून "प्रोफेसर लेले का?" असे विचारले. तो विमा कंपनीचा माणूस निघाला.

मग ते माझ्याकडे वळले आणि अदबीने म्हणाले, "आपण लेले प्रोफेसरांच्या मंडळी का? ते कुठे दिसत नाहीत."

"मीच लेले," मी म्हटले.

हेडमास्तर कुलकर्ण्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा ट्रंकेकडे पाहिले आणि टोपी काढून असे मनापासून हसले की माझी सगळी धास्ती गेली. "म्हणजे सोलापूरला आज दोन नव्या गोष्टी आल्या, एक जर्मन भाषा आणि एक बाई प्रोफेसर," ते म्हणाले. "चला, टांगा उभा आहे."

मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हाची मला कल्पना होती, पण कल्पनेला घाम येत नाही. सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी टांग्याच्या दांडीला हात लावता येत नव्हता. वाटेत गिरणीचा भोंगा झाला. त्या गावाला घड्याळाची गरज नाही, भोंग्यावर माणसे उठतात, जेवतात आणि भांडतातही. त्याहून मला नवल वाटले ते टांगेवाल्याचे. तो घोड्याशी दखनीत बोलत होता, हेडमास्तरांशी मराठीत. वळणावर सुताचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली दोन माणसे आडवी आली, त्यांना त्याने तेलुगूत दटावले आणि पुढे एका बैलगाडीवाल्याला कानडीत रस्ता मागितला. पुण्यात आम्ही एवढ्या भाषा येणाऱ्याला पंडित म्हणतो. इथे तो टांगा हाकत होता.

घरी कुलकर्णीकाकूंनी पान वाढले. कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही आणि कांदा. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि दिवसचे दिवस टिकते. मला तिकडची आठवण झाली. आमच्या घरमालकीणबाईसुद्धा राय नावाच्या धान्याची काळी पावरोटी आठवड्यातून एकदाच आणत आणि ती छातीशी धरून, सुरी स्वतःच्या अंगाकडे ओढत कापत.

"अगंबाई! आणि लागली म्हणजे?" काकू घाबरून म्हणाल्या.

"तीन वर्षांत एकदाही लागली नाही."

"त्यापेक्षा आपली भाकरी बरी. हातानं मोडावी." काकूंनी आणखी एक वाढली आणि त्या विषयाचा निकाल लावला.

दुसरा दिवस: वाचनालयात

संध्याकाळी पाचला व्याख्यान. मी ते फार कष्ट घेऊन तयार केले होते. जर्मन लोकांनी संस्कृताचा केवढा अभ्यास केला, त्यांचे तत्त्वज्ञान किती खोल, त्यांच्या कविता किती सुंदर, हे सगळे त्यात होते. वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. शिक्षक, वकील, दुकानदार, मागच्या भिंतीशी उभी राहिलेली विणकर मंडळी. एवढी माणसे जर्मनसाठी आली की बाई व्याख्यान देणार म्हणून आली, हे मी स्वतःला विचारले नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्या रांगेतल्या एका शिक्षकांची मान छातीवर टेकली.

मी संपवल्यावर एक तरुण वकील उठले. आवाज खणखणीत, बोलणे स्पष्ट.

"बाई, रागावू नका. इंग्रजीनं आमचं निम्मं आयुष्य खाल्लं. भूमिती इंग्रजीत, इतिहास इंग्रजीत. आपल्या मराठीला कॉलेजात अजून ओसरीवरसुद्धा नीट जागा नाही. आणि तुम्ही आणखी एक परकी भाषा माजघरात आणा म्हणता?"

टाळ्या पडल्या. प्रश्न खरा होता, आणि तसे मी म्हटलेही. "मराठीला माजघरात जागा हवी, त्या भांडणात मी तुमच्या बाजूनं आहे. पण मला एक सांगा. आज जगाची हकिकत आपल्याला इंग्रजीतूनच कळते. म्हणजे एकाच साक्षीदाराच्या तोंडून. तो साक्षीदार प्रामाणिक आहे असं धरलं, तरी तुमच्या कोर्टात एकाच साक्षीवर निकाल देतात का?"

आता टाळ्या माझ्या बाजूला पडल्या. वकीलही हसले. मला वाटले, जिंकले! एवढ्यात मागच्या भिंतीपासून आवाज आला.

"बाई, तुमी ती भाषा वाचता म्हनता न्हवं? मग हे वाचा की."

पन्नाशीचा एक माणूस गर्दीतून पुढे आला. अंगात बंडी, हात कोपरापर्यंत लालसर, नखे तर पक्की लाल. हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "व्यंकय्या. गावाच्या पूर्व भागात सूत रंगवतो. मोठा कारागीर." व्यंकय्याने घडीचा कागद माझ्या हातात दिला. रंगाच्या डब्याबरोबर आलेले माहितीचे पान होते ते, चारी बाजूंनी जर्मन.

"दर टायमाला इंग्रजी कागद यायचा, तो मास्तर वाचून द्यायचे," तो म्हणाला. "ह्या टायमाला मुंबईच्या दलालानं रंग नवा धाडला आन् कागद ह्यो. लाल लई भारी उठतोय. पन धुतला की सुटतोय. पांढऱ्या लुगड्याचा काठ लाल केला, धुतल्यावर सगळं लुगडं लाल. चार पिढ्या रंगाऱ्याचं घर हाय आमचं, बाई. बाजारात मान वर करता येईना."

सगळी सभा कागदाकडे पाहत होती. मी मोठ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. त्या वाक्यात 'फ्लोट्टं' असा शब्द होता. मला ठाऊक असलेला त्याचा अर्थ एकच, आरमार. सूत आरमारात बुडवा, असे ते वाक्य मला सांगत होते. पुढच्या ओळीत आरमार थंड ठेवा असे होते.

आयुष्यात मी इतकी कधी गोंधळले नव्हते. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आले असते, कोणाला कळणार होते? पण त्या माणसाचे हात माझ्यासमोर होते.

"ह्या शब्दाचा अर्थ मला इथे लागत नाही," मी म्हटले.

कोणीतरी फिसकन हसले. वकील मात्र हसले नाहीत, हे मी लक्षात ठेवले आहे. हेडमास्तरांनी आभार मानायला घाईघाईने सुरुवात केली. मी व्यंकय्याला म्हटले, "कागद आजचा दिवस माझ्याकडे राहू द्या. उद्या सकाळी मी तुमच्याकडे येते."

"या की," तो म्हणाला. पण त्याला मी येईन असे वाटले नव्हते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

तिसरा दिवस: पूर्व भागात

सकाळी उठून मी कोश उघडला. कोशातही आरमारच. कविता समजून घ्यायला मी वर्षे घालवली होती आणि एका डब्यावरचे पान मला हरवत होते. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही, पण मला ती फार लागली. आमच्या वर्गात आम्ही कविता वाचतो, नाटके वाचतो. ज्या कागदावर एखाद्या घराचा मान अडला आहे असा कागद आम्ही एकदाही वाचला नव्हता.

पूर्व भागात घराघरांतून मागाचा खटखटाट चालू होता. व्यंकय्याचे घर म्हणजे पुढे दोन माग, मागे फरसबंदी अंगण, चुलाण्यांवर तांब्याची मोठी पातेली आणि दोऱ्यांवर वाळणाऱ्या सुताच्या लडी. त्याची बायको नरसम्मा मला पाहून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि तिने खाट सावलीला ओढली. "बसा, अक्का," एवढे मराठी तिने माझ्यासाठी केले.

मी खाटेवर न बसता पातेल्याशी गेले. "व्यंकय्या, तुम्ही काय काय करता ते मला पहिल्यापासून सांगा. मी वाक्य वाचते. तुमच्या कामात ते कुठे बसतं ते आपण पाहू."

त्याने सांगितले. आधी सूत एका पाण्यात भिजवून पिळायचे, मग ते दुसऱ्या पाण्यात बुडवायचे. दुसऱ्या पाण्यात पडताच लाल उठतो. तो बोलत होता आणि मी कागदावर बोट ठेवून मागोमाग जात होते. दोन पाणी, दोन वेळा 'फ्लोट्टं'.

"थांबा," मी म्हटले. "ज्यात सूत बुडवता, त्या रंगाच्या पाण्याला तुम्ही काय म्हणता?"

"रंगाचं पानी म्हनतो. दुसरं काय म्हनायचं?"

आरमार गेले आणि त्याच्या जागी रंगाचे पाणी आले. लगेच पुढची सारी वाक्ये कुलूप निघावे तशी मोकळी झाली. कोशात नव्हते ते व्यंकय्याजवळ होते, आणि व्यंकय्याजवळ नव्हते ते कागदावर होते. मी भराभर सांगत गेले. दोन पाण्यांच्या मध्ये सूत उन्हात ठेवू नये. दुसरे पाणी थंड हवे, लागल्यास बर्फ घालावा.

"आमी तर कोमट घेतो," व्यंकय्या म्हणाला. "जुना रंग कोमटातच बसायचा. आन् सूत उन्हातच तर टाकतो." तो स्वतःशीच मान हलवायला लागला. सरबतवाल्याकडे माणूस धाडून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणवला. नव्या लडी सावलीत पिळल्या गेल्या आणि बर्फाच्या पाण्यात पडल्या. लाल असा उठला, की अंगणातली माणसे पुढे सरली.

पण शेवटचे वाक्य उरले होते. त्यात लिहिले होते, की सूत धुऊन झाल्यावर साबणाच्या पाण्यात उकळावे.

व्यंकय्याचा चेहराच बदलला. "उकळायचं? बाई, नव्या रंगाला कुनी उकळतं का? सगळा रंग निघून जाईल की. नीट वाचा."

मी पुन्हा वाचले. कागदाचा तो कोपरा भिजून डागाळला होता, पण शब्द दिसत होता. आणि हा शब्द मला पुस्तकातून ठाऊक नव्हता. घरमालकीणबाई सकाळ-संध्याकाळ चहाच्या आधणाकडे बोट दाखवून तो म्हणायच्या. चुकीला जागाच नव्हती.

"उकळा," मी म्हटले. "माझी जबाबदारी."

साबणाचे पाणी उकळले. व्यंकय्याने एकच लडी उचलली, क्षणभर हातात धरली आणि आत सोडली. पाणी पाहता पाहता लालभडक झाले.

"पोयिंदी!" नरसम्मा ओरडली. गेला, असा त्याचा अर्थ, हे मला कोणी सांगावे लागले नाही. व्यंकय्याने लडी काढली, स्वच्छ पाण्यात खंगाळली. पाणी गुलाबी. दुसऱ्या पाण्यात खंगाळली, ते किंचित गुलाबी. तिसऱ्यात खंगाळली, ते नितळ राहिले. लडी मात्र लालच होती, आधीपेक्षाही उजळ. नरसम्माने पांढऱ्या धोतराचा तुकडा ओला करून लडीवर जोर लावून घासला आणि उलटून पाहिला. पांढराच.

तिने तो तुकडा शेजारणीला दाखवला, तिने तिसरीला. "बागुंदी, बागुंदी!" छान झाले, छान झाले, असे सगळ्या एकदम म्हणायला लागल्या.

व्यंकय्या पातेल्याच्या काठावर टेकला. "वरचा सुटा रंग तेवढा गेला," तो हळूच म्हणाला. "खरा आत राह्यला. आमी सुटा रंगच घेऊन बाजारात जात हुतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, कॉलेजवाल्यांना सांगा, सोलापूरला ही भाषा लागती. कुनी खोटं म्हनलं तर माझ्याकडं धाडा."

त्याच दिवशी हेडमास्तरांनी तसा अर्ज लिहिला. व्यंकय्याने तेलुगूत सही केली, आणखी बऱ्याच रंगाऱ्यांनी केल्या. संध्याकाळी वकील आपण होऊन आले. अर्ज वाचून म्हणाले, "मी सही करतो. पण एक वाक्य घाला, की कॉलेजात मराठीलाही तिचा मान मिळावा." मी ते वाक्य स्वतःच्या हाताने घातले आणि खाली माझीही सही केली.

दुधनी

चौथ्या दिवशी हेडमास्तर आणि मी आगगाडीने दुधनीला निघालो. मला अगदी विजयी झाल्यासारखे वाटत होते. खिडकीबाहेर उन्हाळ्यातली काळी रिकामी शेते, भेगाळलेली जमीन, एखादी बाभूळ आणि तिच्याखाली दाटलेल्या शेळ्या. व्यंकय्याची गोष्ट सांगितली की सिद्धरामचे वडील लगेच हो म्हणतील, याबद्दल मला शंका नव्हती.

दुधनीच्या बाजारात ज्वारी, तूर आणि शेंगांची पोती लागलेली. भाव कानडीत पुकारायचा, घासाघीस मराठीत करायची, अशी तिथली रीत. शिवलिंगप्पांचे दुकान पुढे आणि घर मागे. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणे थोडके. "बन्नी, बन्नी, या," म्हणून त्यांनी आम्हाला आत नेले. सिद्धराम दाराशी उभा होता. त्याने मला नमस्कार केला आणि मान खाली घातली ती वर केली नाही. त्याची आई गंगव्वा आतल्या उंबऱ्याशी बसली होती. तिला मराठी जवळजवळ येत नव्हते.

मी अर्ज दाखवला. लाल सुताची हकिकत सांगितली. शिवलिंगप्पांनी सगळे ऐकून घेतले.

"चांगलं काम केलं बाई तुमी," ते म्हणाले. "भाषा कामाची हाय, मला पटलं. माझी ना त्याला न्हाय."

"मग?"

ते मुलाकडे न पाहता बोलले. "ह्यो पुण्याला गेला तवा कानडी बोलत गेला. दिवाळीला आला तो मराठी बोलत आला, तेबी तुमच्याकडचं. आई वाढती, कानडीत इचारती, आन् ह्यो मराठीत उत्तर देतोय. दोन दिस तिनं इचारलं, मग तीबी गप झाली. मी इचारलं, काय रं, कानडी इसरलास का? तर म्हनला, तिकडं हसत्यात. आता तुमी आनखी एक भाषा शिकवनार. लई मोठा हुईल, व्हय. पन तिच्याशी बोलनार कोन?"

हेडमास्तरांनी काही बोलायला तोंड उघडले. मी हाताने त्यांना थांबवले. कारण मला आठवले होते. पहिल्याच महिन्यात सिद्धराम वर्गात उभा राहून वाचत होता. पावरोटीला जर्मनमध्ये 'ब्रोट' म्हणतात. तो कानडी वळणाने 'ब्रोटु' म्हणाला. सगळा वर्ग हसला. त्यानंतर तो कधीही चुकला नाही. मला वाटले होते, मुलगा हुशार आहे.

"शिवलिंगप्पा," मी म्हटले, "हसणाऱ्यांत मीही होते."

एवढे बोलणे मला जेवढे जड गेले, तेवढे वाचनालयातल्या सभेपुढे बोलणेही गेले नव्हते. सिद्धरामने पहिल्यांदाच वर पाहिले. गंगव्वाने आतून विचारले, बाई काय म्हणाल्या? नवऱ्याने मुलाकडे पाहिले. सिद्धराम क्षणभर घोटाळला आणि मग आईकडे वळून कानडीत बोलू लागला. आधी अडखळत, मग सरळ. बराच वेळ बोलला. मी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट तो सगळी सांगत असावा, स्वतःच्या बाजूची.

गंगव्वा पदराने तोंड पुसून काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते," सिद्धराम माझ्याकडे वळून म्हणाला, "आपणही हसलो, हे सांगायला बाई एवढ्या लांब आल्या. आता जेवूनच जाऊ दे त्यांना."

जेवायला ज्वारीची रोट्टी, मसाला भरून तेलात शिजवलेली वांगी आणि ताक. गंगव्वा वाढत होती आणि सिद्धराम दोन्हीकडची भाषांतरे करत होता. जेवण झाल्यावर तिने त्याला ती तिकडची भाषा वाचून दाखवायला सांगितली. त्याने फडताळातून आमचे क्रमिक पुस्तक काढले. एका घरातल्या न्याहारीचा धडा होता. तो एक वाक्य जर्मन वाचायचा आणि लगेच कानडीत सांगायचा. 'ब्रोट' शब्द आला तसा तो थांबला.

"ब्रोट?" गंगव्वा म्हणाली. "रोट्टी!" आणि ती खळखळून हसली. सिद्धरामही हसला. शिवलिंगप्पांनी रुमाल सारखा केला आणि ते दुकानात निघून गेले.

निघताना मी त्यांना एवढेच सांगितले, "यापुढे माझ्या वर्गात प्रत्येकानं धडा आपल्या घरच्या भाषेत करून दाखवायचा. सिद्धराम आला तर तो कानडीत करील."

"बघू," ते म्हणाले. हो नाही आणि नाहीही नाही.

परत पुण्यात

माझी ही हकिकत वाचणाऱ्यांपैकी कोणी एखाद्या कॉलेजचा कारभार पाहत असतील, तर त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. परकी भाषा ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू आहे, हा समज सोडून द्या. ती शिकलेली माणसे आपल्या गावोगावी हवी आहेत, आणि ती कॉलेजांनीच तयार केली पाहिजेत. मात्र तिथे कविता शिकवाल तसा डब्यावरचा कागदही शिकवा, आणि विद्यार्थ्याची घरची बोली दाराबाहेर काढून ठेवायला लावू नका. माणसाला एक भाषा मिळाली म्हणून दुसरी सुटता कामा नये. सोलापूरच्या टांगेवाल्याला जे साधते ते आपल्या पदवीधरांना साधू नये, असे का?

अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला. तेलुगू सह्यांवरून बोट फिरवून विचारले, "हे काय लिहिलंय?" मी पाठ करून आणलेले एकेक नाव सांगितले. ते निम्म्या शब्दाला जागले. ठराव मागे घेतला नाही, पण जूनमध्ये माझा वर्ग उघडू दिला आणि सहावा विद्यार्थी मिळवायला महिनाभर मुदत दिली. शिवाय व्यापारधंद्यातले कागद वाचण्यासाठी आठवड्याला एक जादा तास दिला. अट मात्र तीच राहिली, विद्यार्थी सहा हवेत.

जूनमध्ये वर्ग उघडला त्या दिवशी पाच जण बसले होते. मी हजेरी घेतली, सिद्धरामचे नाव वाचले आणि कोणी उत्तर दिले नाही. फळ्याकडे वळले, तोच दाराशी सावली पडली. सिद्धराम उभा होता, आणि त्याच्या मागे पांढरा रुमाल बांधलेले शिवलिंगप्पा.

"आत बसू का?" त्यांनी विचारले.

ते शेवटच्या बाकावर ताठ बसले, तासभर. एका मुलाने कोकणी वळणाने वाचले, एकाने वाक्य उलटे केले. सिद्धरामने धडा कानडीत सांगितला आणि दोनदा चुकला. त्याने स्वतःच चूक दुरुस्त केली आणि पुढे गेला. शिवलिंगप्पा कधी मुलांकडे, कधी माझ्याकडे पाहत होते.

घंटा झाली. मुले बाहेर गेली. ते उठून माझ्या टेबलाशी आले.

"मला एक अक्षर कळलं न्हाय, बाई," ते म्हणाले. "पन हितं पोरं चुकाया भीत न्हाईत. ऱ्हाऊ दे माझं पोरगं हितं."